अडाळ्यावर बसता येतं का?

सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या भगवती मंदिराशेजारून दगडी पायऱ्या तलावाच्या पाण्यापर्यंत उतरतात. 1530 च्या सुमारास बांधलेला हा तलाव 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाच्या वारसा यादीत गेला. पर्यटक त्या पायऱ्या फोटोसाठी उतरतात. गावातल्या साठी उलटलेल्या बाईला मात्र याच पायऱ्या गुडघ्यात किती जीव उरलाय ते सांगतात. चढताना दम लागतो, उतरताना कळ येते. घरी आल्यावर अडाळ्यावर बसायचं असतं: एक पाय मोडून, एक गुडघा उभा धरून, पात्यासमोर, खोबरं खवायला नाहीतर बांगडे कापायला. बसणं एक वेळ जमतं, उठणं जमत नाही. ‘बसलंय काय उठाक जमणा नाय’ ही तक्रार सिंधुदुर्गातल्या कुठल्याही डॉक्टरला नवी नाही.

डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात, आणि तिथून गुडघ्याची दुसरी कहाणी सुरू होते. गुडघ्याचा एक्स-रे वाचायची एक ठरलेली रीत आहे. केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधल्या दोघा डॉक्टरांनी ती 1957 मध्ये मांडली. दोन हाडांमधली फट किती अरुंद झाली, हाडांच्या कडांना किती टोकं फुटली हे बघून सांध्याला शून्य ते चार अशी श्रेणी द्यायची. साधी, स्वच्छ पद्धत. एकच घोटाळा आहे. ही श्रेणी आणि दुखणं यांचं नेहमी पटत नाही. एक्स-रेत तिसऱ्या श्रेणीची झीज दिसणारी एखादी बाई बाजाराची पिशवी घेऊन चढाव चढून येते, तर जिच्या एक्स-रेत फारसं काहीच दिसत नाही ती रात्रभर कूस बदलत असते. अभ्यासांतून हे इतक्या वेळा दिसलं आहे, की आता त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

मग औषध दिलं, व्यायाम शिकवला, अगदी सांधा बदलला, तर गुण आला की नाही हे ठरवायचं कुणी? फिल्मने की बाईने?

याचं उत्तर आज जगभरच्या वैद्यकशास्त्राने बाईच्या बाजूने दिलं आहे. निदान अर्धं तरी दिलं आहे. रक्तातली साखर, रक्तदाब, गाठीचा आकार हे सगळं मोजायचंच. पण दुखणं, थकवा, झोप, रोजची कामं आणि मनाची उभारी यांची नोंद रुग्णाच्या तोंडूनच घ्यायची, मधे डॉक्टरने आपला अर्थ घुसवायचा नाही. ती नोंद आकड्यांत मांडायची, उपचाराआधी आणि नंतर ताडून बघायची. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते किती नाजूक काम आहे याची उत्तम उदाहरणं महाराष्ट्रातच सापडतात.

उपचारानंतर पुढे काय झालं हे विचारण्याचा हट्ट मात्र बॉस्टनच्या एका सर्जनने फार आधी धरला. अर्नेस्ट कॉडमन हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया करत. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायचं आणि वर्षभराने त्याला गाठून विचारायचं, की उपचार लागू पडला का, नसेल तर का नाही, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो मानवला नाही. 1914 मध्ये कॉडमन यांनी तिथला राजीनामा दिला. त्याआधीच काढलेल्या आपल्या छोट्या रुग्णालयातल्या 337 रुग्णांचे परिणाम त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले आणि त्यात आपल्याकडून झालेल्या 123 चुकाही मांडल्या. आजही असा अहवाल छापणारं रुग्णालय शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. तरीही कॉडमन यांच्या पद्धतीत निकाल देणारा माणूस सर्जनच होता. रुग्णाने स्वतःला गुण द्यायचे, ही कल्पना रुळायला आणखी पन्नास-साठ वर्षं गेली.

गुडघ्यापुरतं बोलायचं तर कॅनडात 1982 मध्ये एक प्रश्नावली तयार झाली. वेस्टर्न ऑन्टारिओ आणि मॅकमास्टर या दोन विद्यापीठांच्या नावांवरून तिला ‘वोमॅक’ म्हणतात. तिच्यात 24 प्रश्न आहेत: पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे आणि सतरा रोजच्या हालचालींचे. जिना उतरताना किती त्रास होतो? खुर्चीतून उठताना? मोटारीत चढताना-उतरताना? पायमोजे घालताना? न्हाणीच्या टबात पाय टाकताना? कमोडवर बसताना?

हे प्रश्न जसेच्या तसे धामापुरात विचारून बघा. पायमोजे कोण घालतं? टब कुणाकडे आहे? मोटारीऐवजी एसटीची उंच पायरी आहे, तिचा उल्लेख नाही. जमिनीवर बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसून भांडी घासणं, लावणीच्या दिवसांत वाकून चिखलात तासन्‌तास काम करणं, यांतलं तर काहीच नाही. एसएफ-36 नावाची आणखी एक प्रसिद्ध अमेरिकन प्रश्नावली 1992 मध्ये आली. तिच्यात मध्यम कष्टाच्या कामांचे नमुने दिले आहेत: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ. कोकणातल्या म्हातारीला ‘गोल्फ खेळताना त्रास होतो का?’ असं विचारलं तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि कागदावर तिची तब्येत ठणठणीत ठरेल!

या अडचणीवर पुण्यात काम झालं. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेस या संस्थेने वोमॅकला इथल्या राहणीत बसवलं. उकिडवं बसण्यासारख्या, परदेशी कागदावर नसलेल्या हालचाली तिच्यात आल्या. आज संशोधन निबंधांमध्ये ‘वोमॅकची सीआरडी पुणे आवृत्ती’ असा तिचा उल्लेख होतो. नुसतं भाषांतर करून भागलं नसतं. टबाला मराठीत काहीही म्हणा, तो कोकणातल्या न्हाणीघरात येत नाही.

याच गटाने त्याआधी भिगवणला जे काम केलं, ते या विषयात अधिक मोलाचं मानायला हवं. इंदापूर तालुक्यातलं भिगवण आता उजनीच्या पाणफुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांमुळे लोकांना ठाऊक आहे. जगभरच्या संधिवात तज्ज्ञांना ते दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवात तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचं भारतातलं काम 1996 मध्ये भिगवणला उभं राहिलं. रुग्णालयात येणाऱ्यांना मोजायचं नाही, घरोघर जायचं, ही त्यातली पहिली अट. दुसरी अट अशी, की सुरुवात रक्ततपासणीने करायची नाही, ‘कुठे दुखतं?’ या प्रश्नाने करायची. गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी माणसाच्या आकृतीचं चित्र पुढे ठेवून लोकांना दुखणाऱ्या जागा दाखवायला सांगितलं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोही चित्रातल्या गुडघ्यावर बोट ठेवू शकतो.

चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांपैकी 18 टक्क्यांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. म्हणजे जवळपास दर साडेपाच माणसांमागे एक. ज्याला वैद्यकीय पुस्तकात मोठं नाव आहे तो आमवात त्यांत फारच थोडा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकीचं सगळं कंबर, मान, गुडघे, अंगदुखी. रुग्णालयाच्या नोंदवहीतून पाहिलं असतं तर हे चित्र कधीच उमटलं नसतं, कारण यातली कितीतरी माणसं त्या दुखण्यासाठी रुग्णालयात जातच नाहीत. वय झालं की दुखायचंच, असं धरून चालतात.

आणि इथेच या सगळ्या पद्धतीचा खरा पेच आहे. माणूस जे सांगतो ते मोजायचं ठरवलं, तर जे तो सांगतच नाही त्याचं काय?

अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा अनेकदा मांडला आहे. त्यांनी दिलेलं एक उदाहरण सहसा विसरता येत नाही. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, 1944 मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये एक आरोग्य पाहणी झाली. विधुरांपैकी 48.5 टक्क्यांनी आपली तब्येत बरी नाही किंवा जेमतेम आहे असं सांगितलं. विधवांपैकी तसं सांगणाऱ्या होत्या 2.5 टक्के. त्या काळच्या बंगाली विधवेचं आयुष्य कसं होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला हे आकडे वाचून विधवांची तब्येत उत्तम होती असं वाटणार नाही. तक्रार करण्यालाही आधी आपल्याला तसा हक्क आहे असं वाटावं लागतं. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सेन यांनी केरळ आणि बिहारची तुलना केली. सर्वांत जास्त आयुर्मान असलेल्या केरळात लोक आजारपण सर्वांत जास्त सांगतात, बिहारमध्ये ते बरंच कमी सांगतात, आणि अमेरिकेत केरळपेक्षाही जास्त. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस आजार ओळखतो आणि बोलतो. बाकीचे सोसतात.

महाराष्ट्रात याचा सर्वांत धक्कादायक पुरावा गडचिरोलीतून आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची पाहणी केली. 1989 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. 55 टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार सांगितली. तपासणीत मात्र 92 टक्के स्त्रियांमध्ये एक किंवा अधिक आजार आढळले, सरासरी एका बाईमागे 3.6. याआधी कधी अशी तपासणी किंवा उपचार झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम 8 टक्के. हा अभ्यास प्रामुख्याने ग्रामीण स्त्रियांच्या न दिसणाऱ्या आजारांचा पुरावा म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. पण 55 आणि 92 या दोन आकड्यांमधलं अंतर आपल्या विषयासाठीही तितकंच बोलकं आहे. बाईने सांगितलं नाही याचा अर्थ तिला काही होत नाही असा नसतो. अंगावरून पांढरं जाणं हा बाईच्या जन्माचाच भाग आहे, असं आईपासून आजीपर्यंत सगळ्यांनी धरलेलं असतं.

म्हणून केवळ ‘कसं वाटतंय?’ विचारून चालत नाही. धामापुरात त्याला उत्तर येणार, ‘बरा आसा.’ पाय मोडला असला तरी हेच उत्तर येईल. आल्यागेल्याला दुखणं सांगत बसू नये, ही तिथली रीत आहे.

यावर एक तोडगा पुणे जिल्ह्यातल्याच वढू परिसरात वापरला गेला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र तिथे अनेक वर्षं गावागावांतल्या कुटुंबांची नोंद ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासाचा भाग म्हणून 2007 च्या सुमारास पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांना स्वतःच्या तब्येतीबद्दल विचारलं गेलं. या अभ्यासात जोडीला छोट्या काल्पनिक गोष्टींचा वापर होता. अमुक एका माणसाला दोनशे मीटर चालता येतं, पण मग पाय दुखतात, थांबावं लागतं; तर त्याला चालण्याची अडचण किती आहे असं तुम्ही म्हणाल? थोडी, बरीच की फार? एका गावातली माणसं ज्या अडचणीला ‘थोडी’ म्हणतात तिलाच दुसरीकडे ‘फार’ म्हणत असतील, तर तो फरक या गोष्टींच्या उत्तरांत उघडा पडतो. मग स्वतःबद्दलची उत्तरं त्या हिशेबाने दुरुस्त करून वाचता येतात. काटा शून्यावर नसेल तर आधी तो शून्यावर आणायचा आणि मग वजन करायचं, तसा हा प्रकार. तो सर्वत्र यशस्वी होतो असं नाही, ऐकणाऱ्याला गोष्टीतला माणूस आपल्यासारखाच वाटला पाहिजे. पण सेन यांच्या आक्षेपाला ‘मग विचारूच नका’ यापेक्षा हे उत्तर बरं आहे.

दुसरा तोडगा आणखी साधा आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते कोकणासाठी जास्त कामाचा. कॅनडातल्या पॉल स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेल्या पद्धतीत छापील प्रश्नच नसतात. रुग्णालाच सांगायचं, की दुखण्यामुळे न जमणारी, पण तुम्हाला महत्त्वाची वाटणारी तीन ते पाच कामं तुम्हीच सांगा. मग प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या. शून्य म्हणजे मुळीच जमत नाही, दहा म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं जमतं. इथे गोल्फचा प्रश्न मिटतो. एक बाई अडाळ्यावर बसणं सांगेल, दुसरी काजूच्या बागेत वाकून बिया गोळा करणं, तिसरी गणपतीपुढे आरतीला शेवटपर्यंत उभं राहणं. सहा आठवड्यांनी तीच कामं, तेच गुण पुन्हा विचारायचे. दोन माणसांची तुलना यातून होत नाही, ही त्याची उणीव. एकाच माणसाला गुण आला की नाही हे कळायला मात्र यासारखं स्वस्त साधन नाही.

कुठलीही प्रश्नावली वापरण्याआधी ती तपासून घ्यावी लागते. तब्येतीत काहीच बदल नसताना आठवड्याने पुन्हा विचारलं तर साधारण तीच उत्तरं यायला हवीत. खरोखर गुण आला तर आकडा हलायला हवा. आणि किती हलला म्हणजे रुग्णाला तो फरक जाणवतो, हेही ठाऊक हवं. इंग्लंडमध्ये गुडघ्यासाठी वापरतात त्या ऑक्सफर्ड प्रश्नावलीत 12 प्रश्न आणि 48 गुण आहेत. साधारण पाच गुणांच्या आतला फरक रुग्णाच्या खिजगणतीत नसतो. संख्याशास्त्राने कितीही ‘लक्षणीय’ म्हटलं तरी नसतो.

त्या ऑक्सफर्डच्या कागदाला इंग्लंडमध्ये सरकारी वजन मिळालं. एप्रिल 2009 पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने खुबा आणि गुडघा बदलणं, जांघेतला हर्निया आणि पायांच्या फुगलेल्या शिरा या चार शस्त्रक्रियांसाठी रुग्णांकडून आधी आणि काही महिन्यांनी असे कागद भरून घ्यायला सुरुवात केली. निकाल रुग्णालयांच्या नावानिशी जाहीर होऊ लागले. खुबा बदललेले बहुसंख्य लोक खूश होते. हर्नियाच्या बाबतीत मात्र साधारण निम्म्याच लोकांनी आपली एकंदर तब्येत सुधारल्याचं सांगितलं. यात सर्जनचा दोष असेलच असं नाही. अनेकांना मुळात फारसा त्रासच नव्हता, पुढचा धोका टळावा म्हणून शस्त्रक्रिया केली होती. ऑक्टोबर 2017 मध्ये हर्निया आणि शिरांची नोंद तिथे सक्तीची राहिली नाही.

गुडघा बदललेल्यांपैकी दर पाचांतला साधारण एक जण निकालावर समाधानी नसतो, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. असमाधानाचं मोठं कारण सांधा बिघडणं नव्हे, अपेक्षा पुऱ्या न होणं. आपल्याकडे ही गोष्ट जास्त टोचते. सांधा बदलल्यावर बहुतेकांना मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, असंच बजावलं जातं. फिल्मवर सांधा झकास बसलेला दिसतो आणि घरी अडाळो, देवपूजेचा पाट, पंगत, सगळंच बाद झालेलं असतं. शस्त्रक्रियेआधी ‘तुम्हाला यातलं काय काय परत करायचंय?’ एवढं कुणी विचारलं असतं, तर काहींनी वाट पाहिली असती, काहींनी उंच ओटा बांधून घेतला असता. केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. पण बदललेल्या गुडघ्याने रुग्ण काय करू शकतो, याची इंग्लंडसारखी रुग्णालयनिहाय जाहीर यादी आपल्याकडे नाही.

रुग्णाचं सांगणं हाच शेवटचा शब्द, असंही मानायचं कारण नाही. चोप्रा यांच्याच गटाने 2013 मध्ये ‘रुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली चाचणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. गुडघ्याची झीज असलेल्या 440 रुग्णांना 24 आठवडे आयुर्वेदिक मिश्रणं, ग्लुकोसामाइन किंवा सेलेकॉक्सिब दिलं. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. निकाल रुग्णांनी दिलेल्या दुखण्याच्या गुणांवर आणि वोमॅकवर ठरणार होता, आणि त्या मोजमापात आयुर्वेदिक औषधं बाकीच्यांच्या तोडीस तोड ठरली. त्याच वेळी आयुर्वेदिक गटांतल्या काहींच्या रक्तात यकृताचं एक एन्झाइम वाढलेलं आढळलं. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. त्या माणसांना काहीही होत नव्हतं. कितीही चांगली प्रश्नावली दिली असती तरी त्यांनी ते सांगितलं नसतं. दुखणं कमी झालं हे रुग्णानेच सांगायचं आणि यकृत कुरकुरतंय हे प्रयोगशाळेने.

कर्करोगात हे मोजमाप जास्त गंभीर होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या क्षेत्रातल्या एका युरोपीय संघटनेने बनवलेल्या दोन प्रश्नावल्या हिंदी-मराठीत आणून डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या 200 रुग्णांवर तपासल्या. तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूने होणारे तोंडाचे कर्करोग आपल्याकडे किती आहेत हे पाहता निवड अचूक होती. यातल्या एका प्रश्नावलीत 35 प्रश्न फक्त या भागाचे आहेत. तोंड किती उघडतं, गिळता येतं का, लाळ चिकट झाली आहे का, फोनवर बोलता येतं का, घरच्यांसमोर जेवायला त्रास होतो का. शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबावं. स्कॅनमध्ये गाठ गेलेली असते. माणूस मात्र चारचौघांत जेवायला बसत नाही, तोंडातून घास सांडेल म्हणून. लग्नाचं, श्राद्धाचं, गणपतीचं आमंत्रण टाळतो. तपासणीच्या कागदावर हे कुठेच येत नाही, प्रश्नावलीत येतं. त्याच कागदावर लैंगिक इच्छेबद्दलही प्रश्न आहेत. ओपीडीच्या गर्दीत, शेजारी मुलगा उभा असताना, कुडाळहून आलेला साठीचा गृहस्थ त्याला काय उत्तर देणार? प्रश्न कितीही पारखून घेतलेला असो, तो कुठे आणि कुणाच्या देखत विचारला जातो, यावर उत्तर ठरतं.

असं विचारत राहिल्याने पुढे काय होतं, याचा ठळक पुरावा न्यूयॉर्कमधून आला. डॉ. ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या 766 रुग्णांपैकी काहींना मळमळ, धाप, दुखणं अशा बारा नेहमीच्या लक्षणांची नोंद संगणकावर स्वतः करायला दिली. त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जात असे. 2017 मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार या गटाचं मध्यक आयुष्य 31.2 महिने होतं, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचं 26 महिने. काही महागड्या नव्या औषधांनाही एवढा फरक पाडता येत नाही. अर्थात फरक कागदाने पडला नाही. कागद वाचून परिचारिकेने फोन केला, औषध बदललं, वेळीच बोलावून घेतलं, त्याने पडला. भरलेले फॉर्म कपाटात गेले असते तर काहीच झालं नसतं.

या सगळ्याचा सरकारी हिशेबाशी थेट संबंध आहे. ईक्यू-5डी नावाची एक आटोपशीर प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यात पाचच बाबी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःची स्वच्छता आणि कपडे, नेहमीची कामं, दुखणं आणि चिंता-उदासी. प्रत्येकीला पाच पायऱ्या. म्हणजे तब्येतीच्या एकूण 3,125 शक्य अवस्था. त्यातल्या कुठल्या अवस्थेला किती किंमत द्यायची, हे त्या त्या देशातल्या सामान्य लोकांना विचारून ठरवतात: अशा अवस्थेत दहा वर्षं जगाल, की ठणठणीत तब्येतीत त्याहून कमी वर्षं? चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी पाच राज्यांतल्या 3,548 लोकांशी बोलून भारताचे आकडे काढले. ते 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण आरोग्य म्हणजे 1, मृत्यू म्हणजे 0. सर्वांत वाईट अवस्थेला भारतीयांनी दिलेली किंमत निघाली उणे 0.923. मरणापेक्षाही वाईट. एखादं नवं औषध सरकारी योजनेत घ्यावं का, हे ठरवणारे लोक आता परदेशी आकड्यांऐवजी हे आकडे वापरू शकतात.

धामापुरात कागद येतच नाहीत असं नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म घरोघर जाऊन भरतात. त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, खोकला हे सगळं आहे. उदासीबद्दल दोन प्रश्न आहेत. साठीपुढच्या माणसांना खाणं, कपडे घालणं, अंघोळ, चालणं यासाठी दुसऱ्याची मदत लागते का, तेही विचारतात. हा फॉर्म आजार हुडकण्यासाठी आहे, उपचाराने गुण आला का हे बघण्यासाठी नाही. पण दार ठोठावणारी बाई गावातली आहे, मालवणीत बोलते, आणि ‘बरा आसा’ म्हणजे खरोखर बरं की टाळाटाळ, हे तिला शहरातून आलेल्या कुठल्याही संशोधकापेक्षा आधी कळतं. जिल्ह्यातले रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ओरोसला, कोल्हापूरला, मुंबईला, नाहीतर गोव्यात बांबोळीला जातात आणि टाके काढले की त्या रुग्णालयाशी त्यांचा संबंध संपतो. सहा महिन्यांनी तीन कामांचे गुण विचारायला त्यांच्या दारात जाऊ शकेल अशी तीच एक व्यक्ती आहे. तिच्यावर आधीच किती कामं लादली आहेत आणि त्या प्रत्येकाचे पैसे किती उशिरा मिळतात, हे बघता कुणी हा सल्ला बिनपैशांनी देऊ नये.

एक बारीक गोष्ट राहते. कोकणात म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीची चौकशी फोनवरून होते, आणि अनेकदा फोन घेतो मुंबईहून आलेला चाकरमानी मुलगा. आईला काय होतं हे तोच सांगतो. असं नातेवाइकाने दिलेलं उत्तर आणि रुग्णाचं स्वतःचं उत्तर यांची तुलना अनेक ठिकाणी झाली आहे. चालणं, अंघोळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत दोघांचं बऱ्यापैकी जुळतं. दुखणं आणि मनःस्थिती यांत जुळत नाही. तिथे नातेवाईक सहसा रुग्णापेक्षा परिस्थिती जास्त वाईट सांगतो. त्यामुळे ईक्यू-5डीची नातेवाइकासाठी वेगळी आवृत्तीच केलेली आहे, आणि तिच्यातही दोन प्रकार आहेत: तुम्हाला त्यांची तब्येत कशी वाटते, हा एक, त्यांना स्वतःला विचारलं तर ते काय सांगतील असं तुम्हाला वाटतं, हा दुसरा.